गुडघ्याच्या फेरशस्त्रक्रियेत भार कोठून कोठे जाणार, हे आधी कागदावर यावे

प्रति,
अस्थिरोग विभाग, बेळगाव जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालये व सांधेरोपण करणारी रुग्णालये,
आणि यंत्र अभियांत्रिकी विभाग, जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये

विषय : त्याच गुडघ्यावर पुन्हा कराव्या लागणाऱ्या सांधेरोपणासाठी (फेरशस्त्रक्रियेसाठी) खास घडवून घेतलेल्या इम्प्लांटच्या, म्हणजे कृत्रिम सांध्याच्या, लेखी मागणीला भाराचा हिशेब जोडण्याबाबत.

सन्माननीय डॉक्टर आणि प्राध्यापक मंडळी,

स. न. वि. वि.

बेळगावातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पदार्थांचे सामर्थ्य आणि यंत्ररचना हे विषय शिकवून मी निवृत्त झालो आहे. शस्त्रक्रिया कशी करावी हा माझा विषय नव्हे आणि त्याबद्दल मी या पत्रात काही सांगणार नाही. मात्र अलीकडे जुने विद्यार्थी, नातेवाईक, ओळखीची माणसे आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांचे कागद घेऊन माझ्याकडे येतात, आणि त्या कागदांत गुडघ्यासाठी खास घडवायच्या इम्प्लांटचा आराखडा असतो. हाडातली पोकळी सर्व बाजूंनी दाखवलेली असते, तिच्यात धातूचा तुकडा बसलेला दिसतो, खाली ‘रुग्णाच्या हाडाशी तंतोतंत जुळणारा’ असे वाक्य असते. हा तुकडा किती वजनाच्या, कसल्या कामाच्या माणसासाठी घडवला, त्याच्यावर येणारा भार हाडाच्या कोणत्या भागात उतरणार, हे मात्र मला क्वचितच सापडते. माझी विनंती एवढीच आहे की अशा इम्प्लांटच्या मागणीपत्रात मापाच्या बरोबरीने भारही लिहिला जावा, आणि तो हिशेब शल्यविशारदाने व अभियंत्याने शस्त्रक्रियेपूर्वी एकत्र बसून पाहावा.

पहिल्या सांधेरोपणात हाड बहुधा शाबूत असते. करवतीने थोडा थर काढला की खाली जाळीदार, ओलसर हाड मिळते, सिमेंट त्याच्या छिद्रांत शिरून घट्ट धरते. फेरशस्त्रक्रियेत ही चैन नसते. इम्प्लांट सैल होऊन वर्षानुवर्षे हललेले असते, इम्प्लांटमधल्या पॉलिथिलीन या प्लास्टिकच्या झिजेने निघालेल्या कणांमुळे हाड पोखरलेले असते, जंतुसंसर्ग झाला असेल तर आणखी हाड गेलेले असते, आणि जुना भाग काढताना जे जाते ते वेगळेच. उरते ते कडक, गुळगुळीत झालेले हाड, ज्यात सिमेंटला शिरायला जागा नसते. अमेरिकेतील अँडरसन अस्थिरोग संशोधन संस्थेच्या वर्गवारीत या हानीचे प्रकार १, २अ, २ब आणि ३ असे केले जातात. प्रकार ३ मध्ये सांध्यालगतच्या रुंद हाडाचा मोठा भाग गेलेला असतो आणि काही वेळा अस्थिबंधांच्या, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या तंतूंच्या, मुळाची जागाही त्याबरोबर गेलेली असते. खास घडवलेल्या इम्प्लांटचा विचार होतो तो मुख्यतः येथे. म्हणजे ज्या गुडघ्यात धरायला हाड सर्वांत कमी, त्याच गुडघ्यात सर्वांत मोठा धातूचा भाग बसवायचा असतो.

आता भार किती, हे पाहू. बर्लिनच्या संशोधकांनी भारमापक बसवलेली इम्प्लांटे रुग्णांच्या गुडघ्यात ठेवून प्रत्यक्ष मोजमापे घेतली आहेत. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट, जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना ३.५ पट कमाल भार येतो. साठ किलोच्या बाईच्या गुडघ्यावर चालताना सुमारे १५५ किलो आणि पायऱ्या उतरताना २०० किलोंहून अधिक, असा हा हिशेब होतो. तिने डोक्यावर वीस किलोंचा चाऱ्याचा भारा घेतला की चालताना त्यात साधारण पन्नास किलोंची भर पडते. यातला मोठा वाटा गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो, मध्यभागी नव्हे. म्हणून नडगीच्या हाडावर बसवलेल्या धातूच्या थाळीला तो केवळ दाबत नाही, एका कडेला कलंडवतही असतो. एका गुडघ्याला वर्षाला सुमारे १० लाख पावले असे सर्वसाधारण गणित धरतात.

हे आकडे आपल्या भागातल्या माणसांना लावून पाहणे आवश्यक आहे. खानापूर तालुक्यातली भाताच्या शेतात बांधावरून चालणारी बाई आणि टिळकवाडीतला निवृत्त कारकून यांचे वजन एकच असले तरी त्यांच्या गुडघ्यांचे आयुष्य एक नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर जाणारा माणूस पायऱ्या चढल्याचे कौतुक सांगतो, पण इम्प्लांटची खरी परीक्षा उतरताना होते. उकिडवे बसणे, मांडी घालून जेवायला बसणे, जमिनीवरून हाताचा टेका न घेता उठणे हे आमच्या घरांत अजून चालू आहे, आणि रुग्णाला ‘खाली बसू नका’ असे सांगितले म्हणून ते थांबते असे मला तरी दिसलेले नाही. आराखडा करणाऱ्या परगावच्या अभियंत्याला हे कोणीतरी लिहून कळवले पाहिजे. सीटी स्कॅनमध्ये ते दिसत नाही.

भाराचा आकडा मिळाला तरी खरा प्रश्न पुढेच आहे, आणि माझ्या मते या पत्राचा गाभा तोच आहे. तो भार हाडात कोठे शिरतो? शल्यविशारद मॉर्गन-जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेली तीन पट्ट्यांची कल्पना आपणा सर्वांना परिचित आहे: सांध्याचा पृष्ठभाग, त्यालगतचा रुंद जाळीदार भाग आणि हाडाचा दांडा. या तिन्हींपैकी किमान दोन ठिकाणी इम्प्लांट घट्ट धरले गेले पाहिजे. फेरशस्त्रक्रियेत पृष्ठभाग बहुधा गेलेला असतो, त्यामुळे उरलेल्या दोन जागांवर भिस्त राहते. मऊ जमिनीत रोवलेला कुंपणाचा खांब जसा केवळ खोल गेल्याने उभा राहत नाही, वरच्या तोंडाशी माती ठोकून घट्ट केली नाही तर वाऱ्याने डुलतो, तसेच लांब स्टेमचे, म्हणजे इम्प्लांटपासून हाडाच्या पोकळीत जाणाऱ्या दांड्याचे, आहे. मज्जापोकळीत खोल गेलेला स्टेम आधार देतो हे खरे. पण वरचा रुंद भाग मोकळा राहिला तर थाळी हलत राहते आणि सारा वाकवणारा ताण स्टेमच्या मुळाशी आणि टोकाशी एकवटतो.

स्टेमच्या जाडीबद्दल एक साधे गणित मी वर्गात नेहमी करून दाखवत असे, तेच येथे देतो. गोल दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. दहा मिलिमीटरऐवजी चौदा मिलिमीटरचा स्टेम घेतला की तो जवळजवळ चौपट ताठ होतो. त्यात टायटॅनियम मिश्रधातूऐवजी कोबाल्ट-क्रोम घेतले, ज्याचा प्रत्यास्थता गुणांक (पदार्थाच्या ताठपणाचे माप) सुमारे ११० गिगापास्कलऐवजी २१० ते २३० गिगापास्कल असतो, तर तो मूळच्या सात-आठ पट ताठ झाला. हाडाच्या कठीण कवचाचा गुणांक १५ ते २० गिगापास्कल आणि जाळीदार हाडाचा त्याहून कितीतरी कमी. ताठ दांडा आणि लवचीक हाड शेजारी ठेवले की भार ताठ वाटेने जातो, आणि सांध्यालगतच्या हाडाला काम उरत नाही. हाड आपल्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे घडते आणि भार गेला की विरते, हा यूलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम येथे पूर्णपणे लागू पडतो. काही वर्षांनी क्ष-किरण चित्रात स्टेम भक्कम दिसतो, वरचे हाड मात्र विरळ झालेले असते. रुग्णाला स्टेमच्या टोकाशी, नडगीच्या मध्यावर दुखते आणि घरचे म्हणतात की ऑपरेशन चांगले झाले तरी पाय का दुखतो.

खास घडवलेल्या इम्प्लांटचा खरा फायदा येथे आहे, आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो असे माझे मत आहे. त्रिमितीय छपाईने टायटॅनियमची जाळी हवी तेथे विरळ, हवी तेथे दाट करता येते. सच्छिद्र जाळीचा ताठपणा काही थोड्या गिगापास्कलपर्यंत खाली आणता येतो, जसा सच्छिद्र टँटलम या धातूचा तो सुमारे ३ गिगापास्कल असतो. म्हणजे भार हाडाच्या रुंद भागात मुद्दाम उतरवता येतो आणि स्टेम आखूड व बारीक ठेवता येतो. पण आराखडा केवळ पोकळी भरण्यासाठी केला तर हाती येतो एक भरीव, ताठ गोळा, जो मापाला अचूक असतो आणि हाडाला बेकार करतो.

हाड जाळीत शिरून पकडण्यासाठी पहिल्या काही आठवड्यांत हालचाल अत्यंत कमी हवी. सुमारे ५० मायक्रॉनपर्यंतची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सूक्ष्म हालचाल हाड सहन करते. ती १५० मायक्रॉनच्या पुढे गेली की हाडाऐवजी तंतुमय पडदा तयार होतो आणि इम्प्लांट कायमचे सैल राहते. आता व्यवहार पाहा. सीटी स्कॅन जुने इम्प्लांट आत असताना काढलेले असते, आणि धातूमुळे प्रतिमेत पट्टे उमटतात. आराखडा, मंजुरी, छपाई, उष्णताप्रक्रिया आणि निर्जंतुकीकरण यांत आठवडे जातात, तोवर सैल भाग हाड पोखरतच असतो. आणि जुना भाग उपसताना पोकळीचा आकार पुन्हा बदलतो. तेव्हा स्कॅनमधल्या पोकळीशी शंभर मायक्रॉनपर्यंत जुळणाऱ्या पृष्ठभागाचे मला फारसे अप्रूप वाटत नाही. उरलेले हाड कोठे मजबूत आहे ते ओळखून तेथे दाबून बसणारा आणि दुर्बल जागी थोडी मोकळीक ठेवणारा आराखडा अधिक शहाणा. जोडीला प्लास्टिकचा तपासणी नमुना आणि दोन वेगळ्या मापांचे पूरक तुकडे सोबत मागवले पाहिजेत, हे आपणांपैकी अनेकजण करतातही.

अस्थिबंध गेलेले असतील तर अधिक बंधन असलेला, म्हणजे बाजूची हालचाल धातूनेच रोखणारा, सांधा किंवा बिजागरीसारखा फिरता हिंज वापरावा लागतो. जे आघूर्ण (वळवणारा जोर) पूर्वी अस्थिबंध पेलत होते, ते तेव्हा धातूतून थेट हाडाच्या पकडीवर येते. म्हणून बंधनाची पातळी आणि पकडीची रचना हे दोन निर्णय वेगवेगळ्या बैठकींत घेता येत नाहीत. पायाची रेषा केवळ ३ अंशांनी चुकली तर भाररेषा गुडघ्यापाशी सुमारे १० मिलिमीटर सरकते. ६० किलोच्या माणसाला एका पायावर उभे राहताना त्यातून सुमारे ६ न्यूटन-मीटरचे जादा आघूर्ण मिळते, प्रत्येक पावलाला. सांध्याच्या रेषेचेही, म्हणजे मांडी आणि नडगीचे भाग जेथे भेटतात त्या पातळीचेही, तसेच. मांडीच्या हाडाचे टोक झिजलेले असताना जागा जाड पॉलिथिलीनने भरून काढली की रेषा वर सरकते, गुडघ्याची वाटी खाली राहते, आणि गुडघा अर्धा वाकलेला असताना डुगडुगतो. ही उंची ८ मिलिमीटरच्या आत राखावी असा सर्वसाधारण संकेत आहे, आणि खास घडवलेल्या मांडीच्या भागात तो पाळणे सोपे जाते, मागणीत तसे लिहिले असेल तर.

आराखड्यासोबत येणाऱ्या रंगीत चित्रांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा माझ्या अभ्यासाचा भाग आहे. संगणकावरील ताणविश्लेषणात निळा रंग म्हणजे सुरक्षित आणि लाल म्हणजे धोका, असे रुग्णाच्या मुलांना समजावले जाते. रंग भाराला सापेक्ष असतो. भार निम्मा घेतला की सारे चित्र निळे होते. मला अशा अहवालांत प्रथम हे पाहायचे असते की हाड आणि धातू यांना पहिल्या दिवसापासून एकमेकांस चिकटलेले मानले आहे की त्यांच्यामध्ये घर्षण धरले आहे. चिकटलेले मानले तर सूक्ष्म हालचाल गणितातून आपोआप नाहीशी होते, आणि जो प्रश्न विचारायचा होता तोच पुसला जातो. दुसरे, हाडाचा ताठपणा सर्वत्र एकच धरला आहे की स्कॅनमधील घनतेवरून जागोजागी वेगळा. तिसरे, भार फक्त उभा आहे की पायऱ्या उतरतानाचा, वळतानाचा आणि एका कडेने येणारा भारही तपासला आहे. या तिन्हींची उत्तरे अहवालात नसतील तर ते चित्र भिंतीवर लावायला ठीक आहे.

धातूच्या थकव्याचाही प्रश्न आहे. कारखान्यात मोठ्या संख्येने बनणाऱ्या नडगीच्या थाळ्यांतील नमुने १ कोटी आवर्तनांपर्यंत भार देऊन तपासता येतात. एकाच रुग्णासाठी एकच भाग घडवला, तर तो तोडून पाहता येत नाही. टायटॅनियम खाचांना संवेदनशील आहे, आणि छापलेल्या जाळीची प्रत्येक काडी खडबडीत असते. त्यामुळे सर्वांत वाईट परिस्थितीचे गणित, त्याच पटलावर सोबत छापलेल्या चाचणीच्या कांड्यांचे निकाल, आणि छपाईनंतर उष्णता व दाबाखाली आतल्या पोकळ्या मिटवण्याची प्रक्रिया झाली की नाही याची नोंद, हे मागणे अवाजवी नाही. हत्तरगीच्या औद्योगिक वसाहतीत विमानाचे सुटे भाग तयार करणारे आमचे विद्यार्थी प्रत्येक भागाबरोबर अशी कागदपत्रे रोज पाठवतात. विमानाच्या भागाला जे लागते ते माणसाच्या नडगीतल्या भागाला लागू नये, याचे कारण मला सापडत नाही.

हे सर्व लिहिताना माझा कल खास इम्प्लांटांकडे आहे असा समज होऊ नये. बहुतेक फेरशस्त्रक्रिया बाजारात तयार मिळणाऱ्या कोन व स्लीव्ह (पोकळीत बसवायचे शंकूच्या व बाहीच्या आकाराचे धातूचे भाग), पूरक तुकडे आणि स्टेम यांनी होतात आणि तशाच व्हाव्यात. जुन्या मोडीमुळे मज्जापोकळी वाकलेली किंवा बंद झालेली असणे, हाडाची हानी फार मोठी व एकांगी असणे, किंवा लहान चणीच्या बाईच्या नडगीला तयार थाळी बाहेर डोकावणे, अशा मोजक्या ठिकाणी खास भागाला अर्थ आहे. जंतुसंसर्ग गेला नसेल तर उत्तम आराखड्याचाही उपयोग नाही, हे आपणांस मी सांगायला नको.

कायद्याने एक सोय करून ठेवलेली आहे. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरण नियमांत, त्या विषयातील तज्ज्ञ डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीनुसार, त्यांच्या जबाबदारीवर, एकाच रुग्णाच्या वापरासाठी बनवलेले उपकरण अशी खास घडवलेल्या उपकरणाची व्याख्या आहे. चिठ्ठी लेखी आहे आणि जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे. मग त्याच चिठ्ठीत रुग्णाचे वजन, काम, घरातील पायऱ्या व बसण्याची सवय, हानीचा प्रकार, कोणत्या दोन पट्ट्यांत पकड अपेक्षित आहे, बंधनाची पातळी, सांध्याच्या रेषेची उंची, आणि हा भाग पुढे कधी काढावा लागला तर कोठून कापायचा, हे का नसावे? शेवटची गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. सर्व बाजूंनी हाड शिरलेला छापील भाग काढताना उरलेले हाडही जाऊ शकते, आणि पन्नाशीतल्या रुग्णाला तिसरी शस्त्रक्रिया लागणारच नाही असे कोणी म्हणू शकत नाही. किमतीबाबत एकच वाक्य: ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने फेरशस्त्रक्रियेच्या इम्प्लांटसाठी १,१३,९५० रुपयांची कमाल मर्यादा ठरवली होती, तेव्हा खास भाग बिलात कोणत्या सदराखाली धरला आहे हे रुग्णाला आधी लेखी कळावे.

सीमाभागाची अडचण येथे वेगळी उभी राहते. निपाणीचा रुग्ण बेळगावात शस्त्रक्रिया करून घेतो, घसरून पडतो तेव्हा कोल्हापूर किंवा मिरज गाठतो. खानापूरचा गोव्याला जातो, बैलहोंगलचा हुबळीला. तयार इम्प्लांट असेल तर पेटीवरच्या चिकटपट्टीवरून तिकडच्या डॉक्टरांना मेळ खाणारा भाग आणि काढण्याची अवजारे मागवता येतात. खास घडवलेल्या भागाची कोणत्याही सूचीत नोंद नसते. आत काय आहे हे ठाऊक असलेली माणसे आणि फाइल ही दोन्ही राज्यसीमेच्या दुसऱ्या बाजूला राहतात, आणि जखमी पाय या बाजूला असतो. म्हणून आराखड्याची मोजमापे, धातू, स्टेमचा व्यास व लांबी, पॉलिथिलीनचा प्रकार आणि काढण्याची पद्धत यांचा एक कागद रुग्णाच्या हाती हवा; तांत्रिक भाग डॉक्टरांसाठी इंग्रजीत, आणि काय उचलावे, काय टाळावे, कोणत्या दुखण्याला ताबडतोब यावे हे मराठीत व कन्नडमध्ये.

अभियांत्रिकी विभागांकडे माझे मागणे मर्यादित आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकाम आणि यंत्रकामाचे कसब आहे म्हणून इम्प्लांट येथेच छापू, असा उत्साह कोणी दाखवू नये. परवाना, स्वच्छता आणि धातूच्या भुकटीची शुद्धता हे वेगळे शास्त्र आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय ज्या शहरात आहे, तेथे ताणविश्लेषणाचा अहवाल तटस्थपणे तपासून देणारा एक गट मात्र सहज उभा राहू शकतो. काढून टाकलेल्या इम्प्लांटांचा अभ्यासही येथे करता येईल. आज ते बहुधा कचऱ्यात तरी जातात किंवा रुग्ण पिशवीत घालून घरी नेतो. रुग्णाच्या संमतीने ते निर्जंतुक करून, छायाचित्रे काढून, झिजेच्या खुणा, जोडांवरील घासण्याचे डाग, हाड कोठे शिरले आणि कोठे नाही, हे नोंदवले तर पुढच्या आराखड्याला भार कोठे गेला याचा प्रत्यक्ष पुरावा मिळेल. त्याला रुग्णाच्या कमरेपासून घोट्यापर्यंतच्या उभ्या क्ष-किरण चित्रांची, दर वेळी त्याच स्थितीत काढलेल्या, जोड हवी.

मागणीपत्राला जोडायच्या भारपत्रकाचा दोन पानी नमुना मी तयार करत आहे. कोणत्याही रुग्णालयाने त्यात आपल्या शल्यविशारदांच्या सूचना घालून तो वापरावा, बदलावा. त्यावर माझा कसलाही हक्क नाही. अहवाल तपासण्याचे काम विनामोबदला करण्यास मी आणि माझे दोन-तीन निवृत्त सहकारी तयार आहोत, फक्त ते शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वी आमच्यापर्यंत यावेत. छपाई होऊन भाग पेटीत आल्यावर त्यात बदल करता येत नाही.

आपला नम्र,
पदार्थसामर्थ्य व यंत्ररचना विषयाचा एक निवृत्त शिक्षक
बेळगाव